बिल काढण्याआधी ट्रायल घ्या

बेळगावचे रस्ते, फुटपाथ, बागा आणि बसथांबे यांचे नकाशे आखणारे अधिकारी, त्या नकाशांना मंजुरी देणारे नगरसेवक आणि काम झाल्यावर बिलावर सही करणारे साहेब, तुम्हा सगळ्यांना वडगावातून नमस्कार.

मी ब्लाउज शिवते. 23 वर्षं झाली. पुढच्या खोलीत मशीन आणि खिळ्याला टांगलेली मापांची वही, एवढंच माझं दुकान. त्या वहीत प्रत्येक बाईचं एक पान आहे. कुणाचा उजवा खांदा उतरता, कुणाचा डावा दंड जाड, कुणाचं ऑपरेशन झालंय म्हणून एका बाजूला काच नको. इतक्या वर्षांत दोन पानांवर सारखं माप मला सापडलेलं नाही. आमच्या धंद्यात दोन गोष्टी कुणी शिकवाव्या लागत नाहीत. कापडावर कात्री लावायच्या आधी माप घ्यायचं आणि पैसे हातात घ्यायच्या आधी ट्रायल द्यायची. काखेत दाटलं तर गिऱ्हाइकासमोरच टीप उसवायची. आणि उसवता यावं म्हणून शिवणीत इंचभर कापड जास्तीचं सोडायचं. त्याला आम्ही माया म्हणतो.

शहर मात्र एकाच मापानं बेतलेलं. ते माप कुणाचं, हे मी बरेच दिवस शोधत होते. आता ओळखलंय. तिशीतला धडधाकट गडी, हातात पिशवी नाही, कडेवर पोर नाही, बुडाखाली दुचाकी. त्याला बेळगाव अगदी फिट बसतं. बाकी सगळ्यांना कुठं ना कुठं काचतं.

माझ्या अण्णाचं सांगते. अण्णा माझा थोरला भाऊ. वडगाव-खासबागातल्या निम्म्या गड्यांसारखा तोही मागावर होता. काचबिंदूनं त्याचे डोळे गेले तेव्हा तो 46 वर्षांचा होता. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. आधी आजूबाजूचं दिसेनासं होतं, समोरचं शेवटी जातं, आणि एकदा गेलेलं परत येत नाही. मागाचं काम सुटलं. आता तो घरी बसून मागाच्या सुताच्या कांड्या भरतो, त्याला बोटंच लागतात. पण दर शनिवारी वडगावातून निघून शहापूर खडे बाजारातून, कपिलेश्वराच्या बाजूनं, शनिमंदिराला रुईची माळ घालून गणपत गल्लीपर्यंत जायचं आणि येताना चिरमुरे घेऊन यायचं, हा त्याचा नेम डोळे गेल्यावरही सुटला नाही. एकटा जायचा. पांढरी काठी आणि कान.

त्याच्या डोक्यात या रस्त्याचा नकाशा आहे आणि त्यात एकही पाटी नाही. मागांचा खडखडाट पातळ होत गेला की वडगाव संपलं. सराफांच्या हातोडीची बारीक टकटक आली की शहापूर. पूर्वी कपिलेश्वराला रेल्वेचं फाटक होतं तेव्हा तो फाटकाच्या घंटीवर थांबायचा, पूल झाल्यावर त्यानं तो वळसाही शिकून घेतला. तेलाचा वास म्हणजे शनिमंदिर. चुकून पुढं गेला तर रविवार पेठेतल्या मिरचीचा ठसका त्याला सांगतो, मागं फिर. मी त्याला एकदा विचारलं, तुला भीती नाही वाटत? म्हणाला, "माणसं बोलत असली की भ्यायचं काय गे त्यात?"

गेल्या दोन वर्षांत तो एकटा जायचा थांबलाय. कारण सांगते, पण रस्त्याचं नाव लिहीत नाही, खात्याचंही नाही. नाव घेतलं की ते खातं दुसऱ्या खात्याकडं बोट दाखवतं आणि पत्र तिथंच मरतं. तर, एका मोठ्या रस्त्याला नवा फुटपाथ झाला. चांगला रुंद. मधोमध पिवळ्या फरशांची पट्टी. लोकांना ती नक्षी वाटते. ती अण्णासारख्यांसाठी असते. उभ्या रेघांची फरशी म्हणजे चालत रहा, ठिपक्यांची फरशी म्हणजे थांब, पुढं काहीतरी आहे. सेइची मियाके नावाच्या एका जपानी माणसानं ही युक्ती 1965 मध्ये काढली आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवली. सगळं जग ती वापरतं. अण्णाला ती प्रशिक्षणात शिकवलेली. त्या नव्या फुटपाथावर तो पहिल्यांदा चढला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला आहे. चप्पल काढून तळपायानं त्यानं त्या रेघा चाचपल्या. म्हणाला, "कुणाला तरी आठवण झाली म्हणायची."

रेघा सुमारे साठ पावलं सरळ गेल्या आणि डीपीच्या, म्हणजे विजेच्या, लोखंडी पेटीत शिरल्या. ठिपके नव्हतेच. फरशी बसवणाऱ्यानं पेटीच्या कडेपर्यंत रेघा नेल्या आणि पेटीच्या पलीकडून पुन्हा सुरू केल्या, म्हणजे अण्णानं पेटीतून आरपार जावं. पेटीचं दार अर्धवट उघडं होतं, त्याची कड त्याच्या भुवईला लागली. टाके पडले, तीन. मलमपट्टी करून घरी आल्यावर तो एवढंच बोलला, "रेघांनी सांगितलं चल. मी चाललो." त्या दिवसापासून शनिवारी मी त्याच्याबरोबर जाते. दुकान बंद ठेवून. मला त्याचं काही नाही, पण 60 वर्षांच्या माणसाला धाकट्या बहिणीचा खांदा धरून चिरमुरे आणायला जायचं म्हणजे काय वाटत असेल, ते तुम्ही घरी कुणा वडीलधाऱ्याला विचारा.

त्या दिवसापासून शिवणकामाची टेप माझ्या पर्समध्ये असते. जिथं जाईन तिथं मोजते. लोक हसतात, हसू देत. मला कळलेलं असं, की शहरात चांगुलपणा बऱ्याच ठिकाणी आहे, माप कुठंच नाही. एका सरकारी इमारतीला रॅम्प आहे. दारात निळ्या पाटीवर चाकाच्या खुर्चीचं चित्र आहे. मोजलं. चढायची उंची 18 इंच, रॅम्पची लांबी साडेचार फूट. नियम एकास बारा असा आहे, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. 18 इंचांना 18 फूट लागतात. साडेचार फुटांत जे बांधलंय त्याला बालवाडीत घसरगुंडी म्हणतात. आमच्या गल्लीतली एक मुलगी पोलिओनं चाकाच्या खुर्चीवर आहे, ती त्या इमारतीत गेली की शिपाई बाहेर येऊन कागद घेऊन जातो. शिपाई भला माणूस आहे. पण ती म्हणते, "काकू, मला आत जाऊन भांडायचं असतंय. बाहेर बसून कसं भांडू?"

दुचाक्या फुटपाथावर चढू नयेत म्हणून दोन लोखंडी खांबांमध्ये एक फुटाची फट ठेवलेली आणखी एक जागा आहे. दुचाकी चढत नाही, हे खरं. चाकाची खुर्चीही चढत नाही. पोटुशी बाई आडवी होऊन जाते. किमान 90 सेंटिमीटर सोडले असते तर खुर्ची गेली असती. दुचाकीही गेली असती म्हणाल, तर दुचाकीसाठी पोलीस आहेत, खुर्चीसाठी कुणी नाही. फुटपाथाचं तर काही विचारूच नका, दर घरापुढं, दर दुकानापुढं गाडी आत घ्यायला उतार, मग परत चढ. म्हाताऱ्या माणसाला तो फुटपाथ नसतो, जिनाच असतो. म्हणून म्हातारी माणसं खाली उतरून डांबरावरून चालतात आणि मोटारवाले हॉर्न मारतात की फुटपाथ दिसत नाही का. आणि आपल्या बेळगावच्या पावसात त्या गुळगुळीत फरश्यांवर जे शेवाळ धरतं, त्यावर मी स्वतः दोनदा आपटले आहे. घराच्या अंगणातली फरशी खरखरीत घेणारा माणूस रस्त्याला मात्र चकचकीत फरशी पास करतो, हे कोडं मला सुटलेलं नाही.

माझ्याकडं ब्लाउज शिवून घेणाऱ्या एक वकीलबाई आहेत. हे सगळं ऐकून त्यांनी मला कायद्याची पानं काढून दिली आणि वाचून दाखवली. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्याचे नियम जून 2017 मध्ये आले. जुन्या सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. म्हणजे ती 2022 च्या जूनमध्येच संपली. मला त्यातलं कलम 44 फार आवडलं. त्यात म्हटलंय, की हे नियम पाळले नसतील तर इमारतीला काम पूर्ण झाल्याचा दाखलाच द्यायचा नाही. म्हणजे ट्रायल! मी 23 वर्षं जे करते ते संसदेनं इमारतींसाठी लिहून ठेवलंय. वकीलबाई म्हणाल्या, 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानंही सुनावलंय की हे नियम 'जमलं तर करा' अशा थाटाचे ठेवून चालणार नाहीत, सक्तीचे करा. मग मी त्यांना विचारलं, फुटपाथाला ट्रायल कोण देतं? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, गळा थोडा खोल घ्या.

पैसा नव्हता असं म्हणू नका. 2016 च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत बेळगावचं नाव आलं तेव्हा आमच्या गल्लीत कुंदा वाटला होता. त्या योजनेत प्रत्येक शहराला केंद्राकडून 500 कोटी आणि तेवढाच राज्याचा वाटा, असा हिशोब होता. 2025 च्या मार्चअखेर योजना संपलीही. काही रस्ते खरंच चांगले झाले, ते मी नाकारत नाही. रुंद झाले, पाणी कमी तुंबतं, गाड्या सुसाट जातात. पण कापड भारी होतं म्हणून बेतणं चांगलं होतं असं कुठं असतं?

आता अण्णाची गोष्ट ऐकून कुणी लगेच उठून म्हणेल, बरोबर आहे, फुटपाथ मोकळे करा, त्या भाजीवाल्यांना हाकला. तसं करू नका. म्हणूनच हे पत्र नीट विचार करून लिहिते आहे.

वाटेत ठेवलेली बुट्टी, म्हणजे टोपली, अण्णाच्या पायाला लागते, हे खरं. गणपत गल्लीत, खडे बाजारात येळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदीच्या बायका बुट्ट्या मांडून बसतात आणि वाट अरुंद होते. पण बुट्टीवाली बोलते. "अण्णा, सरका की जरा डावीकडं, इकडं मेथी हाय," असं ती सांगते. डीपी बोलत नाही. माझी भाची रात्री कामावरून येताना ज्या कोपऱ्यावर भजीची गाडी असते तिथपर्यंत निर्धास्त येते. गाडीवर बल्ब आहे, कढईपाशी चार माणसं आहेत, आणि गाडीवाली मावशी तिला नावानं हाक मारते. अतिक्रमण हटाव झालं त्या आठवड्यात तो कोपरा स्वच्छ आणि अंधारा होता, आणि भाची रिक्षानं आली. फेरीवाल्यांचा कायदा 2014 चा आहे. त्यात शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के जागा फेरीवाल्यांच्या आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या, असं लिहिलंय. त्या बायकांना बोलावून खडूनं रेघ मारा. रेघेच्या आत बुट्टी, रेघेच्या बाहेर वाट. त्या पाळतील. मी त्यांना ओळखते, त्यांचं सूत सरळ असतं.

आणि त्यांना मुतारी द्या. शब्द मुद्दाम साधा वापरते, कारण 'प्रसाधनगृह' म्हटलं की फाइल लांबते. येळ्ळूरहून येणारी एक आजी पहिल्या बसनं येते आणि दुपारी दोनला परतते. "सकाळी घरात च्या घेतला की मग घरी गेल्यावरच पाणी. मधी पिलं तर जायाचं कुठं गे?" उन्हाळ्यातही असंच. 2023 च्या 11 जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, त्यामुळं खेड्यांतून शहरात येणाऱ्या बायका वाढल्या, ते डोळ्यांना दिसतं. आणण्याची सोय झाली, थांबण्याची नाही. शिनोळीच्या पलीकडं महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट, अलीकडं आपल्या बसमध्ये पूर्ण माफ, सवलत सीमा बघून बदलते. लघवी काही सीमा बघून लागत नाही. आहेत त्या मुताऱ्यांत बायकांच्या बाजूला कडी नाही, पाणी नाही, पिशवी टांगायला खुंटी नाही. खुंटी! शंभर रुपयांची वस्तू. भाजी विकलेले पैसे ज्या पिशवीत आहेत ती पिशवी ओल्या जमिनीवर ठेवायची की दातात धरायची, हे नकाशा काढणाऱ्याला कधी ठरवावं लागलेलं नाही.

माझ्या गिऱ्हाइकांत एक जोगती आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माची, पुरुषाच्या अंगानं जन्मून देवीच्या नावानं बाई म्हणून राहणारी. तिच्या पानावरचं माप मी नीट घेतलं म्हणून ती मला दर पौर्णिमेला भंडारा आणून देते. तिनं मला विचारलं, "अक्का, मी कुठल्या दारातनं जाऊ? बायका ओरडतात, बाप्ये हसतात." मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या. कुणाच्याही नावाची पाटी नसलेलं, आतून कडी लागणारं एक खोपटं प्रत्येक ठिकाणी असलं तरी पुरे. अण्णाला घेऊन मी जाते तेव्हा मलाही तेच लागतं, बहीण-भावानं कुठल्या बाजूला जायचं?

याच बेळगावात 1924 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव. टिळकवाडीतल्या ज्या रस्त्याला आपण आजही काँग्रेस रोड म्हणतो तिथं त्या पाहुण्यांच्या पाण्यासाठी विहीर खणली होती, ती अजून आहे. शंभर वर्षांपूर्वी परक्या गावाहून आलेल्या माणसाला पाणी लागेल हे आपल्या लोकांना सुचलं होतं. 2024 मध्ये शताब्दीची रोषणाई डोळे भरून पाहिली. रोषणाई पाहून परत येताना बसथांब्यावर बसायला जागा नव्हती, कारण बाकाच्या जागी जाहिरातीची पेटी आहे.

रोषणाईवरून रात्रीचं बोलते.

भाचीची पाळी साडेनऊला सुटते. बस मोठ्या रस्त्याला सोडते, तिथून घर बारा मिनिटं. मोठ्या रस्त्यावर दुभाजकातले दिवे लख्ख आहेत. पण ते डांबरावर पडतात. फुटपाथावर झाडं आहेत, दिवे झाडांच्या वर, म्हणून उजेड पानांवर आणि खाली काळोख. गाडीला उजेड, चालणाऱ्याला अंधार. मी झाडं तोडा म्हणत नाही, देव करो आणि तसं कुणी ऐकू नये. झाडाखाली, माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, फुटपाथासाठी वेगळा दिवा लावा. पुढं एका मोकळ्या मैदानाची लांबच लांब भिंत आहे, दहा फूट उंच, दार नाही, खिडकी नाही. तिथं काही घडलेलं नाही. पण त्या भिंतीजवळ भाची रोज फोनवर माझ्याशी बोलत चालते, काही बोलायचं नसलं तरी. मी मशीन थांबवून "हं, हं" करते. तुमच्या वहीत तो रस्ता सुरक्षित असेल, कारण तिथं गुन्हा नोंद नाही. आमच्या घरात रोज रात्री त्याची नोंद होते.

आणि असं नाही की बेळगावला रात्र सांभाळता येत नाही! 1905 मध्ये टिळकांच्या प्रेरणेनं झेंडा चौकात गणपती बसला तेव्हापासून या शहराला रात्री जागायची सवय आहे. गणपतीत आम्ही बायका रात्री एक-दीडपर्यंत देखावे बघत फिरतो, पोरं कडेवर, सासवा बरोबर. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला तर पहाट होते. कुणी विचारत नाही, एवढ्या रात्री कुठं? तेव्हा काय वेगळं असतं? उजेड खालपर्यंत असतो. दर शंभर पावलांवर मांडवाचे कार्यकर्ते असतात, त्यांना विचारता येतं. पाण्याचं पिंप असतं. बसायला खुर्ची मिळते. चहाची गाडी चालू असते. मुख्य म्हणजे रस्त्यावर दुसऱ्या बायका असतात. यातलं काय असं आहे, जे वर्षभर करता येणार नाही? मांडव नको, उजेड तरी ठेवा. साडेदहापर्यंत दोन टपऱ्या तरी चालू द्या.

जाता जाता: त्या रात्रींत अण्णा मात्र घरी असतो. डॉल्बी लागली की तो खरोखर आंधळा होतो, एरवी नसतो. मंडळांच्या पोरांनाही हे पत्र वाचायला देणार आहे मी.

भाषेचं लिहावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. आपल्याकडं हा विषय काढला की पत्राचा विषयच बदलतो. म्हणून थोडक्यात. संस्था-दुकानांच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं, ही 2024 ची दुरुस्ती आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. अण्णा कन्नड उत्तम बोलतो, मी कामापुरतं बोलते, मशीनचा मेकॅनिक आणि मी कन्नडातच भांडतो. पण बोलणं वेगळं, वाचणं वेगळं. मराठी चौथी शिकलेल्या आजीला कन्नड अंक वाचता येत नाहीत, म्हणून ती बस आली की दारात जाऊन ओरडून विचारते आणि कंडक्टर वैतागतो. बैलहोंगलहून आलेल्या कन्नड आजोबांना इंग्रजी पाटी वाचता येत नाही, त्यांचंही तेच. जिथं जीव जाऊ शकतो तिथं तरी, म्हणजे उघडं गटार, विजेचा धोका, पुराचं पाणी, दवाखान्याची वाट, कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही लिहा आणि शेजारी चित्र काढा. चित्राला भाषा लागत नाही. बसला रंगाची पट्टी आणि मोठा साधा आकडा द्या. आणि थांब्यावर बस आल्यावर नाव पुकारलं जाईल असं करा, म्हणजे अण्णालाही कळेल. त्याला तर कुठलीच पाटी उपयोगाची नाही, आणि त्याचं कधी कुणी आंदोलन केलेलं नाही.

बागा, मैदानांविषयी लिहिणार होते, पण त्यात नवं काही नाही. दार अरुंद, आत व्यायामाची लोखंडी यंत्रं, संध्याकाळी मोठी पोरं क्रिकेट खेळतात आणि दहा वर्षांच्या वरची मुलगी तिथून नाहीशी होते. तुम्हाला ठाऊक आहे.

माझं मागणं एकच आहे. नवी योजना नको, नवी समितीही नको. यापुढं शहरात रस्ता, फुटपाथ, बाग, थांबा, मुतारी जे काही नवं होईल त्याचं शेवटचं बिल निघायच्या आधी एक ट्रायल घ्या. त्या कामावरून पाच जणांना चालवा: एक दृष्टिहीन माणूस, एक चाकाच्या खुर्चीवरचं माणूस, कडेवर पोर असलेली एक बाई, हातात बुट्टी असलेली एक विक्रेती आणि सत्तरीच्या पुढचं एक कुणीतरी. एकदा दुपारी आणि एकदा रात्री साडेनऊला. बरोबर ठेकेदार, इंजिनीअर आणि त्या प्रभागाचा नगरसेवक. शहरात 58 प्रभाग आहेत, तेव्हा एकाच नगरसेवकावर भार पडायचा नाही. जिथं कुणी अडलं तिथं ठेकेदारानं उसवून परत शिवायचं, त्याच पैशांत. रात्री बायकांनी चालून रस्ता तपासायची रीत कॅनडातल्या टोरांटो शहरात 1989 मध्ये सुरू झाली आणि जगभर गेली, म्हणजे मी काही जगावेगळं सांगत नाही. पाच जण कुठून आणायचे, हा प्रश्न असेल तर आमच्या एकट्या गल्लीतून मी पाचही देते. त्यांना दिवसाची मजुरी द्या मात्र. येळ्ळूरच्या आजीचा बाजार बुडतो.

आणि डिझाइन करताना इंचभर माया सोडा. आज जो दुचाकीवर आहे तो पंधरा वर्षांनी गुडघे धरून फुटपाथाच्या कडेवर उभा असणार आहे, मी गिऱ्हाइकांची पानं दर दोन वर्षांनी बदलते.

येत्या शनिवारी सकाळी दहाला मी आणि अण्णा घरून निघू. नेहमीचीच वाट: शहापूर खडे बाजार, कपिलेश्वर, शनिमंदिर, गणपत गल्ली. मधे तो पिवळ्या फरशांचा रस्ता अण्णाला वळसा घालून टाळायचा असतो, पण त्या दिवशी आम्ही तुम्हाला तिथं नेऊ. तुमच्यापैकी कुणी आलं तर बरं. पाऊस असला तरी आम्ही निघतो. टेप माझ्याकडं आहे, तुम्ही वही घेऊन या. चामड्याच्या तळव्याचे बूट घालू नका, पुलाच्या अलीकडं शेवाळ आहे.

आपली,
वडगावातली एक शिवणकाम करणारी बाई